कुंभाराचं गाढव

आमच्या घरी दूध उतू गेलं की 'गॅस कुणी बंद करायचा होता?' असं कुणी विचारत नाही. विचारतात ते 'शेवटी स्वयंपाकघरात कोण होतं?' आणि गेल्या तीस वर्षांचा अनुभव असा, की शेवटी स्वयंपाकघरात मीच असतो. पाणी प्यायला गेलेला असतो, नाहीतर डब्यातले शेंगदाणे तोंडात टाकायला. दूध तापत कुणी ठेवलं, गॅस मोठा कुणी केला, आणि तो तसाच ठेवून शेजारच्या वहिनींशी बोलायला गॅलरीत कोण गेलं, हे सगळे मुद्दे गैरलागू ठरतात. मी गोलकीपर. माझ्यामागं फक्त जाळी.

गोलकीपरविषयी मला सहानुभूती वाटते ती या घरगुती कारणामुळं. आणि तरीही एका गोलकीपरशी मी जे वागलो ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका द्यायला हवी. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटच्या नादी लागला तरी आमच्या गावानं फुटबॉल सोडला नाही. इथले बहुतेक संघ तालमींचे आणि मंडळांचे. म्हणजे ज्या तालमीत पणजोबांनी जोर काढले तिचाच झेंडा घेऊन पणतू शाहू स्टेडियमवर घसा बसवून घेतो. मुलीला स्थळ बघताना पत्रिका जुळली नाही तर शांत करता येते, पण मुलगा विरुद्ध पेठेतला निघाला तर बोलणी जरा जपून करावी लागतात. अशा गावात आपल्यावर झालेला गोल हा निव्वळ खेळातला प्रसंग नसतो. ते पेठेवर आलेलं सुतक असतं, आणि सुतक म्हटलं की कुणामुळं, हे आलंच.

तर त्या सामन्यात आम्हाला बरोबरी पुरेशी होती. एक-एक अशी ती झालेलीही होती. संपायला पाच-सहा मिनिटं राहिली होती. मी नेहमी आमच्या वकीलसाहेबांशेजारी बसतो, पण ते प्रत्येक पासवर निकालपत्र वाचतात म्हणून त्या दिवशी उठून गोलच्या मागच्या बाजूला कठड्याला टेकून उभा राहिलो होतो. विरुद्ध संघाचा विंगवरचा पोरगा आमच्या कीपरच्या उजव्या बाजूनं बॉल घेऊन सुटला. डाव्या बाजूला त्यांचा फॉरवर्ड एकटा, मोकळा, लग्नात ओळखीचं कुणी नसलेल्या पाहुण्यासारखा उभा. बॉल आता त्याच्याकडं येणार हे मला स्वच्छ दिसत होतं. कीपरनं एक पाऊल डावीकडं घेतलं. त्या पोरानं बॉल तिकडं दिलाच नाही. कीपर आणि उजवा खांब यांच्यामध्ये जेवढी फट राहिली होती तेवढ्यातून तो सरळ आत घातला.

वाचकहो, यातलं एक वाक्य मी गाळलं आहे. ते पुढं येईल. त्या दिवशीही मी ते गाळलंच होतं.

संध्याकाळी आमचा घोळका गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जमला. तिथं म्हैस समोर उभी करून पिळतात आणि फेसाळ, निरसं दूध पेल्यातून हातात देतात. गावातल्या अनेक तंट्यांच्या सुनावण्या तिथं चालतात आणि त्या म्हशीइतका निःपक्षपाती श्रोता मी न्यायालयातही पाहिलेला नाही.

"कीपर कच्चा हाय," टेलरमामांनी सुरुवात केली. "गोल कुणी खाल्ला? त्यानं. विषय संपला."

"संपला कसा?" वकीलसाहेब म्हणाले. "त्या पोराला तिथवर येऊ कुणी दिलं? बॅक काय करत होता?"

"बॅक घसरला."

"घसरला कारण बूट जुना. बूट जुना कारण मंडळानं पैसे दिले न्हाईत. मंडळानं पैसे दिले न्हाईत कारण तुमी वर्गणी बुडवली!"

इथं विषय तात्पुरता वर्गणीकडं वळला. मग परत गाडी रुळावर आली. हाफनं बॉल गमावला नसता तर पुढचं रामायण घडलंच नसतं असं एकाचं मत पडलं. त्याच्याआधी रेफ्रीनं फाऊल दिला नाही, असं दुसऱ्याचं. स्टॉपरनं कीपरच्या मागं गोललाईनवर सरकून काय दिवे लावले, असं तिसऱ्याचं. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण काढलं. सगळे त्या वीतभर पडद्यावर ओणवे झाले. आता सत्य बाहेर येणार, म्हणून माझ्या पोटात खड्डा पडला. पण माझ्या सुदैवानं चित्रणात हलगीवाला फारच जोरात होता. ते चित्रण सात वेळा बघितलं गेलं आणि सात जणांना आपापलंच म्हणणं त्यात दिसलं. २०१८च्या वर्ल्ड कपपासून रेफ्रीही पडदा बघून निर्णय देऊ लागले, पण भांडणं कमी झाल्याचं ऐकिवात नाही. पूर्वी लोक न बघता भांडत, आता बघून भांडतात.

अशा वेळी अखेरचा शब्द मास्तरांचा. मास्तर म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नाही, म्हणून त्यांचं मत तटस्थ मानलं जातं. त्यांनी दुधाची मिशी उपरण्यानं पुसली आणि म्हणाले, "आपल्या नैयायिकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. मडक्याचं कारण काय?"

"चिखल," गवळीमामा म्हणाले.

"बरोबर. आणखी कुंभार, चाक, चाक फिरवायचा दंड. ही खरी कारणं. पण कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभार नसता, आणि कुंभार नसता तर मडकं नसतं. तरी बापाला कारण म्हणायचं नाही. दंडाचा रंग? दंडाबरोबर असतोच, पण मडकं काही रंगानं होत नाही. आकाश? ते सगळीकडंच आहे. आणि माती आणणारं गाढव. याला म्हणतात अन्यथासिद्ध. मडक्याच्या आधी तिथं हजर, पण कारण नव्हे. माती गाडीतूनही आली असती."

क्षणभर सगळे गप्प झाले. मग टेलरमामांनी विचारलं, "मग आपल्या गोलात गाढव कोण?"

त्यानंतर पाऊण तास गोलातले दंड आणि गाढवं वाटून देण्याचा कार्यक्रम झाला. रेफ्री एकमतानं गाढव ठरला, त्याला न्यायशास्त्राची गरज लागली नाही. शेवटी गवळीमामा म्हणाले, "म्हशीनं लाथ मारून बादली उलथली तर घरात कुणी म्हशीला बोलत न्हाई. बादली ज्याच्या हातात हुती त्यालाच बोलत्यात." एवढ्या चर्चेनंतर पुन्हा कीपरच.

ही शेवटच्या हाताची कल्पना आमच्या गवळीमामांची नव्हे, जगभरची आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या मराकाना स्टेडियमवर ब्राझील आणि उरुग्वे यांचा वर्ल्ड कपचा निर्णायक सामना होता. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, आमच्यासारखीच. आधीच्या दोन सामन्यांत त्यांनी स्वीडनला सात आणि स्पेनला सहा गोल घातलेले, त्यामुळं विजयाची वर्तमानपत्रंसुद्धा आधीच छापून झाली होती. (त्याच वर्ल्ड कपला भारताचा संघही जायचा होता, पण तो गेलाच नाही, आणि त्याबद्दल बूट, खर्च की आपल्या मंडळींची अनास्था, दोष कुणाचा, हा वाद अजून चालू आहे. एकही गोल न खाता सत्तर वर्षांहून अधिक काळ वाद घालणारे आपणच.) ब्राझीलनं पहिला गोल केला. मग उरुग्वेचा घिगिया उजव्या विंगवरून सुटला, त्यानं मध्ये पास दिला आणि स्किआफिनोनं बरोबरी केली. एकोणऐंशीव्या मिनिटाला घिगिया पुन्हा तिथूनच सुटला. ब्राझीलचा कीपर बार्बोसा याला वाटलं, हा आताही पास देणार. कुणालाही तसंच वाटलं असतं, तेरा मिनिटांपूर्वी तेच घडलं होतं. तो किंचित आत सरकला. घिगियानं खांब आणि कीपर यांच्या मधून बॉल मारला.

आता बघा. घिगियाला दोनदा सोडलं ते बिगोडे या बॅकनं. त्याच्या मदतीला जायचं होतं ते जुवेनालनं. पुढच्या फळीला दुसरा गोल करता आला नाही. या सगळ्यांना थोडं थोडं बोलून झालं, बिगोडेला जरा जास्तच, आणि हे तिघे काळे होते हाही योगायोग नव्हे. पण जन्मभराचं ओझं आलं ते बार्बोसाच्या वाट्याला. तो एप्रिल २००० मध्ये वारला. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, असं तो म्हणत असे. एकदा दुकानात एका बाईनं त्याच्याकडं बोट दाखवून आपल्या मुलाला सांगितलं होतं, की अख्ख्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हा. गोल झाला तेव्हा ते पोर जन्मलेलंही नव्हतं. १९९३ साली तो ब्राझीलच्या संघाला भेटायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला खेळाडूंपर्यंत पोचू दिलं नाही.

आणि दुसरीकडं स्टीव्ह हॉजची गोष्ट घ्या. १९८६च्या वर्ल्ड कपमध्ये मॅराडोनानं इंग्लंडला हातानं गोल घातला हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो बॉल मॅराडोनाकडं आला कसा? इंग्लंडच्याच हॉजनं लाथाडायला गेला तो उलटा आपल्या गोलकडं उडवला म्हणून. नैयायिकांच्या भाषेत हॉज म्हणजे चक्क दंड, चाकाला गती देणारा. पण त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. सामना संपल्यावर त्यानं मॅराडोनाशी शर्ट बदलून घेतला, आणि २०२२ साली तो शर्ट लिलावात सत्तर लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. ज्या रेफ्रीला तो हात दिसला नाही त्यानंही जपून ठेवलेला बॉल त्याच वर्षी वीस लाख पौंडांना विकला. एका चुकीचं इतकं सोनं झालं, आणि बार्बोसाचा दोष काय, तर अर्धं पाऊल.

हे सगळं मी त्या रात्री बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्हाला त्या ब्राझीलच्या माणसाचं एवढं का लागून राहिलंय?" बायकांना हे कसं कळतं हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

आता ते गाळलेलं वाक्य. कीपरनं डावीकडं पाऊल घेतलं त्याच्या आधी मी कठड्यावरून ओणवा होऊन बेंबीच्या देठापासून ओरडलो होतो: "डावीकडं! डावीकडं! डावीकडं बघ!"

माझा हेतू चांगला होता. निदानही चुकीचं म्हणता येणार नाही. तो फॉरवर्ड खरोखरच मोकळा होता. शिवाय त्या गदारोळात माझा आवाज त्याला ऐकू गेला असेलच असं नाही, आणि गेला नसता तरी बार्बोसासारखा तो स्वतःच्या बुद्धीनं सरकलाच असता. अशा युक्तिवादांनी मी बरेच दिवस काढले. मास्तरांना एकदा आडून विचारलंही. "समजा, चाक फिरत असताना शेजारी कुणी ओरडलं आणि मडकं वाकडं झालं, तर ओरडणारा दंड की गाढव?"

मास्तर म्हणाले, "कुंभाराला ऐकू आलं का यावर आहे."

"ते कळणार कसं?"

"कुंभाराला विचारावं."

शास्त्र इतकं सोपं असेल तर ते शिकायला बारा वर्षं कशाला लागतात कोण जाणे.

गंमत अशी, की मी गाढव ठरलो तर निर्दोष सुटत होतो. पण तसं मनाशी म्हटलं की मला अगदी बरं वाटायचं असं नाही. आपल्या एका हाकेनं सामना फिरला, यात कुठंतरी मोठेपणाही होता. आयुष्यभर बँकेत व्हाउचरवर शिक्के मारले, माझ्यामुळं काही घडलं असं कुणी म्हटलं नव्हतं. पहिलीच घटना घडली ती आपल्याच संघावरचा गोल, पण निदान घडली तरी! अपराधी वाटून घेण्यातसुद्धा माणूस स्वतःला पुढच्या रांगेत बसवतो, हे ध्यानात आल्यावर मला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटण्यातही थोडं बरं वाटलं. हे कुठवर चाललं असतं सांगता येत नाही.

पण मध्येच कट्ट्यावर बातमी आली. स्टॉपरच्या बहिणीचं लग्न झालं आणि आमचा कीपर त्याला गेला नाही. ही दोन पोरं एका गल्लीतली, एका बाकावर बसून नापास झालेली, मैदानावर एकमेकांकडं न बघता बॉल देणारी. आठ महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. का, ते कुणालाच सांगत नव्हती. "त्या गोलापास्नं," टेलरमामा म्हणाले, आणि कुणी पुढं काही बोललं नाही. त्या गोलाचे दंड आणि गाढवं आम्ही वाटली होती, पण हा हिशेब आमच्यापैकी कुणी धरला नव्हता.

माझं ओरडणं दोन सेकंदांचं होतं. त्यात कीपरनं ऐकलं का, त्यामुळं तो सरकला का, अशा दहा पळवाटा होत्या. पण त्यानंतर आठ महिने मी गप्प होतो. दूधकट्ट्यावर त्याला कच्चा म्हटलं जात असताना पेला तोंडाला लावून बसलो होतो. त्यात बॅक नव्हता, हाफ नव्हता, रेफ्री नव्हता. त्याला कुंभाराचा बापही जबाबदार नव्हता.

कीपर एका गॅरेजमध्ये काम करतो. माझी स्कूटर त्याच्याकडंच असते. पण त्या दिवशी स्कूटरला काही झालेलं नव्हतं, म्हणून वाटेत थांबून मी हॉर्नची वायर ओढून काढली. नैतिक धैर्यालाही काहीतरी निमित्त लागतं.

त्यानं वायर जोडली, हॉर्न वाजवून बघितला. "कशानं सुटली काका?"

"आपोआप," मी म्हटलं. कबुली द्यायला आलेल्या माणसाची ही सुरुवात.

मग सांगून टाकलं. कठडा, फॉरवर्ड, हाक, सगळं. बोलताना मी त्याच्याकडं बघत नव्हतो, भिंतीवर टांगलेल्या टायरकडं बघत होतो. सांगून संपलं तरी तो काही बोलेना, म्हणून शेवटी बघितलं. पाना हातात तसाच धरून तो उभा होता.

"डावीकडं म्हणून तुमी वरडला?"

"हो."

"दोनदा?"

"तीनदा."

तो खाली ऑइलच्या डब्यावर बसला. "मला वाटलं तो वरडला. माझ्या मागं लाईनवर त्योच हुता. गोल झाल्यावर मी त्याला म्हटलं, डावीकडं म्हणून का सांगितलंस? त्यो म्हणाला, मी कुठं सांगितलं? मला वाटलं, खोटं बोलतोय. सगळी मला शिव्या द्यायला लागली, तवा तरी ह्यानं पुढं हुऊन सांगायला पायजे हुतं." त्यानं पाना खाली ठेवला. "आणि त्याला वाटलं आसंल, मी माझं त्याच्यावर ढकलतोय."

"पण तू सरकलास तो हाक ऐकून, की तुझ्या तुला वाटलं म्हणून?" आठ महिने पोटात घोळत असलेला प्रश्न मी विचारला. अशा वेळीही मला तो विचारावासा वाटला.

"ते आता कसं सांगू काका? सरकलो एवढं खरं." त्यानं हात पुसले, शटर अर्धं खाली ओढलं. "चला."

"कुठं?"

"त्याच्याकडं. आत्ता दुकानातनं सुटला आसंल."

"मी कशाला? तू सांग ना त्याला."

"मी सांगितलं तर म्हणंल, आता काकांच्या नावावर घालतोय."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यानं माझ्याच स्कूटरला किक मारली आणि मी मागं बसलो. वाटेत विचारलं, "चिडेल का रे तो?"

"चिडंल की," तो म्हणाला, आणि कारण नसताना हॉर्न वाजवला.